टॉवेलाखालचं इंग्रजी

व्हेरी हा शब्द मला आवडत नाही. गावजेवणातली आमटी आणि इंग्रजीतला व्हेरी, दोन्ही सारखेच. पंगत वाढली की ओता पाणी. व्हेरी हॅपी, व्हेरी सॉरी, व्हेरी व्हेरी थँकफुल. माणूस नेमका किती खूश आहे, किती दिलगीर आहे, ते त्यातून काडीचं कळत नाही. हे मी अख्ख्या सोलापूरला ओरडून सांगत होतो आणि अख्खं सोलापूर माझा जिना चढून म्हणत होतं, "मास्तर, जरा दोन ठिकाणी व्हेरी टाका की."

नवी पेठेत जिन्यावरच्या एका खोलीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सहा मशीनं, एक पंखा आणि भिंतीवर घड्याळ. सकाळ-संध्याकाळ पोरंपोरी मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या परीक्षेसाठी मशीनं बडवायची. दुपारी मी लोकांना इंग्रजी पत्रं लिहून द्यायचो. अर्ज, विनंत्या, आभार, तक्रारी. शब्द कुणीही लिहील, पण शब्दामागं जोर किती लावायचा ते जोतीराम मास्तरला विचारा, असं लोक म्हणायचे. हे वाक्य पहिल्यांदा मीच पसरवलं होतं, पण पुढं ते आपोआप चाललं.

जोर लावणं ही गंमत नाही. मैंदर्गीचे एक गुरुजी बदलीचा अर्ज घेऊन आले होते. त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की मी सोलापुरात यायला डेस्परेटली उत्सुक आहे. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "गुरुजी, हे वाचून साहेबाला वाटेल तुम्ही गावात कुणाचं काहीतरी करून पळताय." डेस्परेटली खोडलं, कीनली लिहिलं. दोन महिन्यांत बदली झाली. बदली कुणाच्या तरी वशिल्यानं झाली असं मागाहून कळलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर आणि पंखा बंद, अशा दुपारी शिवप्पाशेठ जिना चढून आले. दुधनीचे मोठे अडत्ये. तुरीचं, ज्वारीचं अडत दुकान. पांढरं धोतर, कपाळावर भस्म, खांद्यावर सोलापुरी टॉवेल. त्यांची मुलगी महानंदा माझ्याकडेच शिकायला होती. तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली. पुढं शिवप्पांनी आणि त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीनं, चंद्रव्वानं, तिला वाढवली. बी. ए. झाली होती, बाळीवेशीत आत्याजवळ राहत होती आणि पाच नंबरच्या मशीनवर खाली न बघता टाइप करत होती. वर्गातली सगळ्यांत शहाणी पोर. बोलायची मात्र मोजकं.

शिवप्पांनी बंडीच्या खिशातून निळं विमानपत्र काढलं. "मास्तर, वाचा. इंग्रजीत हाय."

पत्र विलायतेतल्या कॉव्हेंट्रीहून आलं होतं. लिहिणारा गुरुसिद्ध, गुलबर्ग्याच्या एका अडत्याचा मुलगा, ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर. महानंदाचा फोटो त्याच्याकडे पोचला होता. त्याला मराठी येत नव्हतं. शिवप्पा घरात कानडी बोलायचे, पण शाळा मराठी, त्यामुळं कानडी लिहिता येत नव्हतं. म्हणून मध्ये इंग्रजी.

मी मोठ्यानं मराठी करून वाचलं. मुलानं लिहिलं होतं की इथं हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो. मी भाकरी थापतो ती एका बाजूनं करपते आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहते. हे सगळं मुलीला आधी सांगा, मागाहून शिव्या नकोत. मला स्थळ पसंत आहे. पण मुलीला ते किती पसंत आहे हे कळलं, तर मला जीन्युइनली आनंद होईल.

जीन्युइनली! मी पत्र खाली ठेवलं. कोपऱ्यात पाच नंबरचं मशीन थांबलं होतं. करपलेल्या भाकरीपाशी तिकडून हसल्यासारखा आवाज आला होता, पण मी वर बघेपर्यंत महानंदा पुन्हा टाइप करायला लागली.

"पोरगा तोलून लिहिणारा आहे," मी म्हणालो. "ह्याला व्हेरी लिहून चालणार नाही. बोला, काय लिहू?"

"लिवा, पोरगी राजी हाय."

"किती?"

शिवप्पांनी आजूबाजूला बघितलं. दोन पोरं मशीनवर होती. लालसाब मेकॅनिक तीन नंबरचं मशीन उलटं करून त्यात तेल सोडत होता. आणि पाठमोरी का होईना, मुलगी तिथंच होती.

"असल्या गोष्टी तोंडानं बोलत्यात व्हय, मास्तर?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली.

मी दचकलो. मग लक्षात आलं. हा अडत्यांचा हत्ता. भर बाजारात, दहा माणसं बघत असताना, घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडं गप्प. तिसऱ्याला पत्ता लागत नाही आणि एकदा दाबलेलं बोट मागं घेता येत नाही. सरकारनं कधीच बंदी घालून उघडा लिलाव आणला होता, पण शिवप्पांचा हात जुना होता.

त्यांनी तीन बोटं दाबली.

"तीन? कितीपैकी?"

"एका हाताला किती असत्यात?"

मला ते मनापासून आवडलं. इतकी वर्षं लोकांकडून नेमका जोर काढून घेण्यासाठी मी घसा कोरडा करत होतो, आणि ह्या माणसानं तो एक शब्द न बोलता माझ्या हातात दिला. ते गेल्यावर मी एका पुठ्ठ्यावर तक्ताच केला. एक बोट स्लाइटली, दोन फेअरली, तीन रीझनेबली, चार एक्स्ट्रीमली, पाच ओव्हरव्हेल्मिंगली. पुठ्ठा घड्याळाखाली टांगला आणि लांब उभं राहून बराच वेळ बघितला.

पत्र शिवप्पांच्या नावानं तयार झालं. माझी कन्या महानंदा या प्रस्तावात रीझनेबली इंटरेस्टेड आहे. टाइप कुणी करायचं? महानंदाचाच स्पीड चांगला. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. स्वतःची आवड तिनं दुसऱ्याच्या अंदाजानं, एकही चूक न करता, दोन कार्बन घालून छापली. शेवटी तिनं विचारलं, "सर, हे जीन्युइनली म्हणजे किती बोटं?"

"ते बोटांत येत नाही," मी म्हणालो. "ते वेगळं खातं आहे."

"मग त्याला उत्तर कशानं द्यायचं?"

"आधी तीसची परीक्षा पास हो," मी म्हणालो. उत्तर सुचलं नाही की मी परीक्षा काढतो.

जूनच्या शेवटी त्याचं उत्तर आलं. आपली कन्या रीझनेबली उत्सुक आहे हे वाचून बरं वाटलं, मीही रीझनेबली उत्सुक आहे. फक्त एक शंका आहे. हा अंदाज तिचा की तुमचा? खाली भाकरीची खबरही होती. आता दोन्ही बाजू करपतात, म्हणजे निदान सारखेपणा आला आहे.

हा भाग वाचताना मी महानंदाकडे बघितलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळे मात्र पत्रावर होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सर, फायलीत मी लावते." फायलीत लावायला तिला पाऊण तास लागला.

मी शिवप्पांना सांगितलं, "शेठ, तो बरोबरीला आला. आता आपण एक पायरी चढू. चार करतो. एक्स्ट्रीमली."

त्यांनी टॉवेल टाकला. दोन बोटं.

"अहो, दोन? खाली कुठं चाललात?"

"दोनच लिवा."

"शेठ, स्थळ सोन्यासारखं आहे. मुलगा हुंडा मागत नाही, मुलीला विचारा म्हणतो. तुम्ही जोर कमी काय करताय?"

"मास्तर, बाजार तुमचा का माजा?"

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, अडत्या तो अडत्याच. मुलाचा उत्साह दिसला की हा भाव पाडणार, समोरच्याला अजून वाकवणार. मी दातओठ खात फेअरली लिहिलं. महानंदानं ते टाइप केलं. ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही. पण मशीनचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. फेअरलीपाशी तर कागदाला भोक पडतंय की काय असं वाटलं.

शिवप्पा जिना उतरून गेल्यावर लालसाब मशीनच्या टेबलाखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "मास्तर, तुमे इंग्लिश पढे, बजार नई पढे."

"म्हणजे?"

"जिसकू सौदा करना है ना, उने भाव चढाता. ये उतारताच जा रा. इसकू देनाच नई है."

"लालसाबचाचा," मागून महानंदा म्हणाली, "मी काय तुरीचं पोतं हाय का?"

"तौबा, तौबा! बेटी, मै तेरे अब्बा की बात करतूं." लालसाबनं कानाला हात लावले आणि पुन्हा मशीनखाली गेला.

तेव्हाच मी तिला विचारायला हवं होतं. पोरी, तुझ्या मनात काय आहे? एवढे पाच शब्द. मी विचारले नाहीत. मी तिला विचारलं की फेअरलीचं स्पेलिंग बरोबर पडलंय ना. आज त्याची लाज वाटते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. भाकरीबद्दल एक अक्षर नव्हतं, तेव्हाच मी ओळखलं. गुरुसिद्धनं लिहिलं होतं की आधी रीझनेबली, मग फेअरली, यावरून मला समजायचं ते समजतं आहे. माझा राग नाही. डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा आहे. दसऱ्यापर्यंत स्पष्ट उत्तर आलं नाही, तर उत्तर 'नाही' आहे असं मी धरेन आणि घरच्यांना दुसरीकडं बघायला सांगेन. एकच विनंती आहे. ह्या वेळी एक ओळ तरी तिची असू द्या.

दसऱ्याला सतरा दिवस होते. विमानपत्राला बारा लागायचे. मी ताबडतोब दुधनीला निरोप धाडला, आणि कधी नव्हे ते आगाऊपणा करून बाळीवेशीतही धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आधी चंद्रव्वा आली. सत्तरीची बाई, इरकल लुगडं, जिना चढून धाप लागलेली, तरी बसायच्या आधी तिनं मला झाडलं.

"तुमीच का ते जोतीराम मास्तर? माज्या पोरीची बोटं मोजनारे?"

"मी नाही हो, शेठनी..."

"गप बसा. तो पुटा कुटं हाय?"

मी घड्याळाखालचा पुठ्ठा दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तो खालपासून वरपर्यंत असा बघितला की मला तो उतरवून लपवावासा वाटला. तेवढ्यात शिवप्पा आले. बहीण आणि भाऊ समोरासमोर बसले, मध्ये मी. महानंदा तिच्या जागेवर, मशीनवर हात ठेवून, पण टाइप करत नव्हती. लालसाबनं मुद्दाम एक स्क्रू हरवला आणि तो शोधत तिथंच राहिला.

मी पत्र वाचून दाखवलं.

"शेठ," मी म्हणालो, "शेवटची संधी आहे. बोला."

शिवप्पांनी टॉवेल टाकला. त्यांचा हात त्या दिवशी गार होता. खालून एकच बोट दाबलं गेलं. तेही हलकेच.

मी हत्त्याचा नियम मोडला. उभा राहिलो आणि ओरडलो. "एक? स्लाइटली? शेठ, ह्यापेक्षा स्पष्ट 'नाही' लिहा! माझ्या हातून असलं पत्र जाणार नाही. ह्या पोराला मी ओळखत नाही, पण तो जीन्युइनली लिहिणारा माणूस आहे, त्याला मी स्लाइटली पाठवणार नाही!"

"एक?" चंद्रव्वा म्हणाली. "शिवू, येक बोट? तुज्या लग्नात मला येवडी घाई करत हुतास, आन पोरीला येक बोट?"

"अक्का, तुला कळत न्हाय. विलायत लई लांब हाय. तितं चारला अंधार पडतो."

"मग ती दिवा लावंल की!"

"भाकरी करपती म्हनतो."

"आरं, म्हनून तर बायकू पायजे त्याला!"

"अक्का, पाच लिवू म्हनतीस? पाच लिवलं तर त्यो येईल. खरंच येईल. मग?"

मी खाली बसलो. लालसाबनं मशीनखालून डोकं वर काढून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला त्याचं मागच्या पत्राच्या वेळचं बोलणं आता कुठं कळलं. हा माणूस भाव पाडत नव्हता. त्याला सौदाच नको होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण स्थळ चांगलं होतं, बहीण मागं लागली होती, जातीत नाव झालं होतं. म्हणून तो प्रत्येक पत्रागणिक एकेक बोट काढून घेत होता, आणि मी मूर्ख, त्याला इंग्रजी पुरवत होतो.

तेवढ्यात पाच नंबरच्या मशीनवरून आवाज आला.

"माझी बोटं कुणी दाबलीच न्हाईत."

महानंदा उभी होती. "तीन तुमची, दोन तुमची, एक तुमचं. सरांनी लिवलं, मी टाइप केलं. माझी कन्या अशी हाय, माझी कन्या तशी हाय. तीन पत्रं आली, अप्पा. त्या माणसानं विलायतेवरून विचारलं, मुलीला किती पसंत हाय म्हणून. हितं एका खोलीत बसून तुमी विचारलं न्हाई. सरांनी बी न्हाई."

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे.

"सांग की मग," शिवप्पा म्हणाले. "बोल. काय हाय तुज्या मनात?"

महानंदानं तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या समोर, बाप समोर, परका मास्तर, तेलाचे हात घेऊन मेकॅनिक. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढं सगळं बोलणारी पोर तेवढ्या एका गोष्टीपाशी मुकी झाली. आपल्याकडच्या मुलीला तक्रार बोलता येते, हौस बोलता येत नाही. तिला तशी सवयच कुणी लावलेली नसते.

चंद्रव्वा म्हणाली, "शिवू, टावेल घाल."

"काय?"

"टावेल घाल तिच्या हातावर. तुज्या दुकानात कोन कोन हात घालतंय, तिला न्हाय घालू द्यायाचा?"

"अक्का, बायामानसाशी हत्ता करत्यात व्हय?"

"पोरीचा हात हाय तो, इंगळी न्हाय. घाल."

शिवप्पा उठले. आयुष्यभर हजार माणसांशी हत्ता केलेला तो गडी, पण टॉवेल त्याला दोनदा पसरावा लागला. महानंदानं उजवा हात पुढं केला. टॉवेलाखाली दोन हात गेले.

मी तिच्या नाही, बापाच्या तोंडाकडे बघत होतो. अडत्याचं तोंड हत्त्यात दगडासारखं असतं, तीच त्याची कमाई. पहिल्या बोटाला ते तसंच राहिलं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. मग थोडा वेळ गेला, आणि मला वाटलं संपलं. तेवढ्यात त्यांच्या भुवया वर गेल्या आणि ओठ हलले. हात मात्र कुणीच सोडला नाही.

हत्त्याचा आकडा कुणी तिसऱ्याला सांगत नसतो. शिवप्पांनी सांगितला.

"ऐदु," ते कानडीत म्हणाले, आणि मग माझ्यासाठी मराठीत, "पाच, मास्तर. पाची."

चंद्रव्वानं कडाकडा बोटं मोडून पोरीची दृष्ट काढली. मशीनखालून लालसाब "माशाल्ला" म्हणाला, तेव्हा सगळ्यांना कळलं की स्क्रू कधीच सापडला होता.

"येवडं हुतं, तर बोलली का न्हाईस?" शिवप्पांनी विचारलं. हात अजून टॉवेलाखालीच होते.

"तुमी बोटं कमी करत चालला, अप्पा. मला वाटलं तुमाला एकटं वाटतंय म्हणून. मग मी कशी बोलू?"

शिवप्पांनी टॉवेल ओढून घेतला आणि त्यानं तोंड पुसलं, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, दोनदा. उकाडा होताच, त्यामुळं कुणाला काही म्हणता आलं नाही. मग ते म्हणाले, "ठरलं. बोट मागं घेत नसत्यात. लिवा मास्तर."

मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. ओव्हरव्हेल्मिंगली! पुठ्ठ्यावरचा सगळ्यांत वरचा शब्द. अकरा वर्षांच्या धंद्यात तो वापरायची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती. मी बाह्या सरसावल्या आणि सांगायला लागलो, "लिही. आय ॲम ओव्हरव्हेल्मिंगली..."

महानंदानं मशीनला कागद लावला आणि म्हणाली, "सर, ही ओळ माझी."

"हो, तुझीच. मी फक्त..."

ती टाइप करायला लागली. मी मागं उभा राहून वाचलं. प्रिय गुरुसिद्ध, मी महानंदा. मला यायचं आहे. भाकरी मला चांगली येते, पण दोन वेळा मीच करीन असं धरू नका. अंधाराची मला भीती वाटत नाही.

"अगं, हे काय?" मी कळवळलो. "मला यायचं आहे, बास? किती यायचं आहे? काही जोर नको? निदान एक्स्ट्रीमली तरी टाक!"

"सर, पाची बोटं अप्पांना दिली," ती म्हणाली. "ह्यांना साधं चालंल."

शिकवलेल्या पोरीनं असं तोंडावर सांगावं आणि आपल्याला राग येऊ नये, असं माझ्या बाबतीत फार वेळा झालेलं नाही.

पत्र जवळजवळ संपलं होतं. महानंदानं मशीनवरून मान वळवली. "अप्पा, तुमचं काय लिवू? ते विचारतील की."

"लिव, बाप खूश हाय."

"किती?" हे मी विचारलं. सवयीनं. विचारल्यावर जीभ चावली.

शिवप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला. ह्या वेळी त्यांनी लपवाछपवी केली नाही. सगळ्यांसमोर उजवा हात वर केला, मूठ मिटली आणि एक बोट सोडलं. "खोटं कशाला लिवायाचं? येक."

"आरं, लेकीच्या लग्नात बाप येक बोट खूश?" चंद्रव्वा म्हणाली. "त्यो पोरगा काय म्हनंल? दोन तरी कर."

"दीड."

"दीड बोट कसलं असतंय?"

"असतंय, अक्का. माजं हाय."

मी पुठ्ठ्याकडे बघितलं. स्लाइटली आणि फेअरली यांच्या मध्ये काहीच नव्हतं. मी कपाटातून डिक्शनरी काढली, चष्मा लावला, दहा मिनिटं पानं उलटली. पोरगी तिला हवं तिथं जातेय म्हणून खूश आणि पोरगी जातेय म्हणून नाही, एवढं मावेल असा एक शब्द मला सापडला नाही. हे कबूल करायला मला जड जातंय, पण नाही सापडला.

"महानंदा," मी म्हणालो, "तू असं कर. माय फादर इज, असं लिही. मग थोडी जागा सोड. आणि पुढं हॅपी लिही. शब्द सापडला की मी शाईनं भरतो."

तिनं तसं केलं. सात वेळा जागा सोडायची लांब पट्टी दाबली, सात अक्षरांची जागा मोकळी राहिली, आणि पुढं हॅपी. कागद मशीनमधून काढून तिनं बापाच्या हातात दिला. शिवप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण त्यांना ती मोकळी जागा बरोबर दिसली. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला.

"हितं काय हाय?"

"काही नाही, शेठ," मी म्हणालो. "ते तुमचं आहे. अजून ठरायचंय. संध्याकाळपर्यंत बघतो, काहीतरी भरतोच."

त्यांनी अंगठा उचलला, कागद लांब धरला आणि बराच वेळ बघितला.

"भरू नका, मास्तर," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तशीच. ही गेल्यावर माजं घर असंच दिसनार हाय. कळू द्या त्याला बी."

महानंदानं मान फिरवली आणि उगीचच मशीनची रिबीन सारखी करायला लागली. मी पत्राची घडी घातली, पाकिटावर कॉव्हेंट्रीचा पत्ता लिहिला आणि पाचच्या टपालाला टाकायला स्वतः पोस्टात गेलो.